वर की घरी

आमच्या ह्यांना कंपनीने कोच दिला ही बातमी त्यांनी मला सांगितली तेव्हा मी कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं. त्यांना वाटलं, मी ऐकूनच रडायला लागले. "अगं, अजून काही झालेलं नाहीये," असं मला म्हणता म्हणता ते स्वतःच स्टुलावर बसले आणि त्यांचाच चेहरा पडला. मी सुरी ठेवली आणि विचारलं, कोच म्हणजे कशाचा? ह्या वयात पोहायला शिकवणार आहेत की काय?

तर प्रकार असा होता. मोठ्या पदावरच्या लोकांना हल्ली कंपन्या एक माणूस देतात. तो कामातलं काही शिकवत नाही, ते ह्यांना येतंच. तो बंद खोलीत समोर बसतो, प्रश्न विचारतो, ऐकतो, आणि त्यातून म्हणे साहेब सुधारतो. ह्यांच्या कंपनीत आत्तापर्यंत दोघांना असा कोच मिळाला होता. एकाला मिळाला आणि वर्षाच्या आत तो मुख्य कार्यालयात मोठ्या खुर्चीवर जाऊन बसला. दुसऱ्याला मिळाला आणि तेवढ्याच काळात त्याच्या हातात गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्याला घरी पाठवलं. गंमत म्हणजे कोच देताना दोघांनाही अगदी तेच सांगितलं होतं, की आम्ही तुमच्यात गुंतवणूक करतोय. ह्यांनाही संचालकांनी तेच सांगितलं.

"मग तुम्हाला वर नेणार की घरी पाठवणार?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना," हे म्हणाले. त्या क्षणापासून आमच्या घरातल्या दोघांचा जीव टांगणीला लागला.

आता हे कोण, ते सांगते. हे बाटल्यांच्या कारखान्याचे प्रमुख. औषधाच्या, सरबताच्या, सॉसच्या, अशा काचेच्या बाटल्या तिथे होतात. भट्टीतून वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा खाली साच्यात पडतो, यंत्र त्यात हवा फुंकतं, आणि बाटली तयार. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या यंत्रांचा गोंगाट असा, की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलावं लागतं. हे तिथे शिकाऊ म्हणून लागले आणि त्या गोंगाटातच एकेक पायरी चढत वर आले. सगळा जन्म ओरडून बोलण्यात गेल्यावर माणूस घरी मीठ मागतो तेही शेजारच्या इमारतीत ऐकू जातं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी आईला कळवलं होतं की माणूस फार तापट आहे. तापट कसला! एका कानाने बहिरा होत चालला होता बिचारा. तापट मी आहे.

कारखान्यात ह्यांना सगळे तोफ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण ह्यांना माहीत आहे, आणि आतून आवडतं. तोफ सकाळी फाटकातून आत शिरली की पहिला बार मागच्या अंगणात, काचेच्या तुकड्यांच्या ढिगापाशी उडतो. कारखान्याच्या भिंतीला लागूनच आमची वसाहत. तो आवाज ऐकून बायका घड्याळ न बघता पोरांचे डबे भरतात. त्या ओरडण्यात अपमान नसतो. "अरे शहाण्या, साचा तापलाय, दिसत नाही का" म्हणजे साचा तापलाय, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या माणसांना तो बरोबर कळतो.

संचालकांना मात्र कळत नसावा. ते वर्षातून दोनदा यायचे आणि पांढरं हेल्मेट घालून हिंडायचे. त्यांच्यासमोर हे एका इंजिनीयरवर गरजले, आणि तिथूनच ही गुंतवणूक सुरू झाली असा माझा अंदाज आहे.

कोच म्हणून आली ती एक बाई. ह्यांनी मनात सूटबूटवाला कोणीतरी धरून ठेवला होता. ही बुटकी, साध्या सुती कपड्यांतली, पायांत सपाट चपला. दर पंधरवड्याला कारखान्याच्या विश्रामगृहात एका खोलीत दोघं बसायची. पहिल्याच दिवशी तिने ह्यांना स्पष्ट सांगितलं, की इथे बोललेलं इथेच राहील. संचालकांना मी फक्त आपण भेटलो एवढंच कळवीन. ह्यांनी मान हलवली आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. घरी येऊन म्हणतात कसे, कंपनीनेच आणलेली बाई कंपनीला सांगणार नाही तर काय तुला सांगणार?

एकदा का ती बाई हेर आहे असं मनाने घेतलं, की मग प्रत्येक भेट म्हणजे परीक्षा. ती विचारायची, तुम्हाला कामात कशाची काळजी वाटते? हे सांगायचे, कशाचीच नाही. ती गप्प बसायची. हेही गप्प बसायचे, घाम पुसत. मग एकदा ती म्हणाली, तुम्ही उत्तर फार लवकर देता, समोरच्याचं पुरतं ऐकून घेता का? झालं! ह्यांना वाटलं, पेपर फुटला. उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारायचा. मग गप्प बसायचं. आणि आवाज चढवायचा नाही, हे त्यांनी आपल्या पदरचं घातलं.

सराव अर्थातच माझ्यावर. एकदा जेवताना हे एकदम हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या मनात सध्या काय चाललंय?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न ह्या घरात कधी आला नव्हता. मी म्हटलं, काय चालणार, पाण्याची टाकी धुवायची आहे. तर हे माझ्याकडे बघत बसले. नुसते बघत. मला दरदरून घाम फुटला. ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांचे कागद काढून वाचले, की माझ्यापासून काही लपवतायत का. मुलगी परगावी नोकरी करते. तिला ह्यांनी फोनवर विचारलं की तुला माझ्याकडून काय अपेक्षित आहे. तिने ह्यांचा फोन ठेवला आणि लगेच मला केला. म्हणाली, आई, बाबांना काय झालंय? मला खरं काय ते सांग.

घरात ही तऱ्हा, तर कारखान्यात काय झालं असेल, विचार करा. सकाळी मागच्या अंगणातला बार बंद झाला. साहेब येतात, मान डोलवतात, आणि कोणालाही "तुमचं काय मत?" असं विचारतात. माणसांचे धाबे दणाणले. इतकी वर्षं ओरडणारा माणूस गोड बोलतो म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. त्यातून वेळ कशी? भट्टीचं आयुष्य संपलं होतं. ती कधी विझवत नाहीत, वर्षानुवर्षं रात्रंदिवस जळते. आता ती थंड करून, आतल्या विटा काढून नव्या बसवून पुन्हा पेटवायची होती. सगळी यंत्रं बंद. त्या शांततेत अफवेला काय, रान मोकळं. भट्टी पुन्हा पेटणारच नाही, कारखाना विकलाय, साहेब सगळ्यांचा निरोप घेत फिरतायत, अशा बातम्या माझ्या दारापर्यंत आल्या. पॅकिंगमधल्या एकाची बायको मला जिन्यात धरून रडली. का, तर साहेबांनी तिच्या नवऱ्याला "बसा" म्हटलं होतं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, लोकांना बदल पचायला वेळ लागतो. हे वाक्यही कुठूनतरी उचललेलंच. मी म्हटलं, वेळ लागू दे, पण तुम्हाला झोप का लागत नाही मग?

आणि मग वस्तादांनी राजीनामा दिला.

वस्ताद म्हणजे भट्टीवरचे फोरमन. ह्यांच्याबरोबरच लागलेले. हे शिकत शिकत कागदाच्या बाजूला गेले, वस्ताद आगीच्या बाजूला राहिले. दोघं एकमेकांवर असे ओरडायचे की नवख्या माणसाला वाटावं आता हाणामारी होणार. मग त्याच दमात चहा प्यायचे. त्यांच्या बायकोला आम्ही वस्तादीण म्हणतो, ती मला ताई म्हणते.

ह्यांनी मला सगळं सांगितलं ते भांडी पुसताना. पडलेल्या आवाजात, आणि हा पडलेला आवाज शिकलेला नव्हता. त्यांनी वस्तादांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांना विचारलं की पुढच्या काही वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता. हेतू चांगला होता. नव्या भट्टीवर वस्तादांच्या हाताखाली जास्त माणसं द्यायची होती. पण ते आधी सांगायचं नाही, समोरच्याकडून येऊ द्यायचं, असं ह्यांच्या डोक्यात. वस्ताद बघत राहिले. हे गप्प. वस्ताद म्हणाले, "साहेब, तुमच्या मनात मी जावं असं आहे का?" आणि ह्या माणसाने, माझ्या नवऱ्याने, त्या वेळी काय म्हणावं? तर, "असं तुम्हाला का वाटतं?"

म्हणाले आणि पुन्हा गप्प बसले.

वस्ताद उठले, खुर्ची होती तिथे नीट सरकवून ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा. दुसऱ्या एका कारखान्यात त्यांना केव्हापासून बोलवत होते, तिथे त्यांनी हो सांगून टाकलं. भट्टी पेटवायला जेमतेम महिना राहिलेला.

मी कपाळावर हात मारला. "अहो, नाही म्हणायचं ना! एक शब्द!"

"मला वाटलं, नाही म्हटलं तर ते उत्तर झालं," हे म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण हातातलं फडकं पिळत उभा होता. मला राग आला आणि कीवही आली.

ह्यांची काळजी आता दुप्पट झाली. वस्तादांशिवाय दुसरी माणसं आणून भट्टी पेटवता आली असती, बाहेरून मिळतात तशी. पण एवढा जुना माणूस ऐनवेळी सोडून गेला, हे संचालकांच्या कानावर गेलं की झालंच. घरीच. मग ही वसाहतीतली जागा सोडायची, आणि ज्या माणसाला कारखान्यापलीकडे काही येत नाही त्याने दिवसभर करायचं काय, हा प्रश्न माझ्यापुढे. मी दुसऱ्या दिवशी तडक विश्रामगृहावर गेले.

बाई व्हरांड्यात बसून डबा खात होत्या. मी कोण ते सांगितलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, तुम्ही माझ्या नवऱ्याचं काय केलंय? चांगला ओरडणारा माणूस होता. आता धड बोलत नाही, धड झोपत नाही, आणि त्याचा जिवाभावाचा माणूस निघून चाललाय. तुम्ही संचालकांना काय काय सांगता ते एकदा मला कळू दे.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या म्हणाल्या की संचालकांना मी काहीच सांगत नाही, आणि साहेब माझ्याशी काय बोलतात ते तुम्हालाही सांगणार नाही. मी म्हटलं, ते काही बोलतच नाहीत तुमच्याशी, ते मला माहीत आहे. त्यावर त्या जरा हसल्या आणि मग हसू गेलं. राजीनाम्याचं त्यांना माझ्याकडूनच कळत होतं. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "खोलीत ते बरं बोलायला लागले, मला वाटलं जमतंय. बाहेर काय पोचतंय ते बघायला मी भट्टीवर एकदाही गेले नाही." मग म्हणाल्या, की परवा तिघांची बैठक आहे, संचालक, साहेब आणि मी. साहेबांच्या मनात जो प्रश्न आहे तो त्यांना तिथे सरळ विचारायला सांगा. मी त्यांच्या शेजारी बसेन.

मी भांडायला गेले होते, आणि परत येताना मला त्या बाईचंच वाईट वाटत होतं. दोन घास खाल्ले होते तिने, तेवढ्यात मी पोचले.

बैठकीच्या दिवशी हे शर्ट दोनदा बदलून गेले. मी घरी कपाटं आवरत बसले, म्हणजे एकाच कप्प्यातलं काढत होते आणि त्याच कप्प्यात ठेवत होते. हे संध्याकाळी आले. आले ते सरळ स्वयंपाकघरात, स्टुलावर.

त्यांनी विचारलं होतं. बाई शेजारी होत्या, आणि ह्यांनी घसा खाकरून संचालकांना विचारलं, साहेब, मला कोच दिला तो वर नेण्यासाठी की घरी पाठवण्यासाठी? संचालक खुर्चीत मागे टेकले. बोटं जुळवली. आणि म्हणाले, "असं तुम्हाला का वाटतं?"

"अगं, तेच वाक्य," हे मला म्हणाले. "तेच. आणि त्या क्षणाला मला वस्तादांचा चेहरा दिसला. कसं वाटलं असेल त्यांना ते कळलं."

मग ह्यांनी काय केलं, तर टेबलावर हात ठेवून सांगितलं, की साहेब, हे वाक्य मी वापरून बघितलंय आणि त्याने माझा माणूस गेला. मला सरळ सांगा. संचालकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, त्यांनी सरळ विचारलंय. बस, तेवढंच. मग संचालकांना बोलावं लागलं. तुमच्या जागेसाठी दुसरा माणूस ठरलेला आहे, ते म्हणाले. भट्टी पेटवून द्या, उत्पादन सुरू करून द्या, मग तुम्हाला मानाने मोकळं करू. कोच दिला तेव्हा काही ठरलं नव्हतं, आता ठरलंय.

म्हणजे घरी.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझ्या पायाखालची जमीन सरकेल. सरकलीही. पण ह्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता. "चप्पल घाल," मला म्हणाले. "वस्तादांकडे जायचंय."

वस्तादांच्या घरात सामान बांधायला काढलं होतं. वस्तादीणने खुर्च्यांवरची गाठोडी उचलून आम्हाला जागा केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. वस्ताद खिडकीशी उभे. हे बसलेच नाहीत.

"वस्ताद, मला घरी पाठवतायत," हे म्हणाले. "तुम्हाला नाही. तुम्हाला कोणीच पाठवत नव्हतं. तुमच्या हाताखाली जास्त माणसं द्यायची होती मला, तेवढंच बोलायचं होतं, आणि मी भलतंच विचारून बसलो. मी घाबरलो होतो हो. इतके दिवस घाबरलेला होतो. तुम्ही जाऊ नका. मी नसलो तरी जाऊ नका."

वस्ताद खिडकीपासून पुढे आले. वस्तादीण दोरीचं बंडल हातात घेऊन तशीच उभी. मग वस्ताद म्हणाले, "इतकी वर्षं ओरडत होता तुम्ही, त्यात हे एक वाक्य कधी नव्हतं, साहेब."

"कुठलं?"

"घाबरलोय हे. मीही दर वेळी घाबरतो भट्टी पेटवताना. मला वाटायचं, मी एकटाच."

दोघंही माझ्यादेखत रडले. मी दुसरीकडे बघितलं, मग म्हटलं बघायचं नाही ते कशाला, आणि बघितलं. वस्तादांनी तिथूनच त्या दुसऱ्या कारखान्यात फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तिकडून काय ऐकावं लागलं कोण जाणे, पण त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता. वस्तादीणने दोरी सोडून दिली आणि चहा टाकला. निघताना ह्यांनी दोघांकडून कबूल करून घेतलं, की मी घरी जाणार हे भट्टी नीट चालू लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. लोकांनी आधीच खूप भीती खाल्लीय, म्हणाले. वस्तादांनी मान डोलावली. वस्तादीण तेव्हा चहाचे कप धूत होती, तिने पाठमोरीच हो म्हटलं.

भट्टी एकदम तापवत नाहीत, नाहीतर नव्या विटा तडकतात. दिवसेंदिवस हळूहळू तापवत नेतात. तेवढे दिवस हे दोघं आळीपाळीने तिथे उभे. कोचबाई आल्या, त्यांचं काम खरं तर संपलं होतं. हेल्मेट घालून भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आगीच्या घोंघाटात ह्यांनी त्यांच्या कानात ओरडून काहीतरी सांगितलं आणि त्यांनीही ओरडून उत्तर दिलं. काय ते मी विचारलं नाही.

ज्या दिवशी पहिला गोळा साच्यात पडणार होता, त्या सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शेजारच्या गॅलरीत वस्तादीण. आणि भिंतीपलीकडून, मागच्या अंगणातून, ह्यांचा आवाज आला. "अरे शहाण्यांनो, तो गाडा तिथे कोणी लावलाय? वस्ताद, बघताय काय?" त्यावर वस्तादांचा, तेवढाच मोठा. वसाहतीत एकेक दार उघडलं. बायका गॅलऱ्यांत आल्या. पॅकिंगवाल्याची बायको खालून वर बघून हसली. कोणीतरी म्हणालं, चला बाई, सगळं ठीक आहे एकदाचं, आता काही भीती नाही.

वस्तादीणने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिचे डोळे भरले.

खालची बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी चिमटे तोंडातून काढले आणि म्हटलं, हो, सगळं ठीक आहे.